ताणाआधीची तयारी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. माणसांना प्यायला पाणी नसताना मैदानावर पाणी का मारायचे, हा याचिकेमागचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. हिरवळीच्या गवताविषयी मराठीत काही लिहायचे तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागते. मात्र त्या वेळच्या चर्चेत बहुतेकांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. मैदान टिकवायचे म्हणजे ते हिरवेगार ठेवायचे, आणि हिरवेगार ठेवायचे म्हणजे पाणी देत राहायचे. गवताच्या शरीरक्रियेचा गेल्या काही दशकांतला अभ्यास या गृहीतकाला छेद देतो. गवताला पाण्याचा ताण सोसता येतो, त्या ताणासाठी ते आधीपासून तयार करता येते, आणि पाणी परतल्यावर त्याला लवकर उभेही करता येते. या तयारीत वनस्पतींच्या वाढीचे नियमन करणाऱ्या द्रव्यांचा, म्हणजे आपले शेतकरी ज्यांना संजीवके म्हणतात त्यांचा, वाटा किती, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: संजीवके पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. ताण सोसण्यासाठीची संजीवके ताण येण्याच्या आधी वापरली तरच उपयोगी पडतात, आणि त्यांचे यश दुष्काळात गवत किती हिरवे दिसले यावर न मोजता पाऊस पडल्यावर ते किती लवकर भरून आले यावर मोजले पाहिजे.

हिरवळीला पाणी द्यावे का, हा प्रश्न जगभर उभा राहिला आहे. अमेरिकेत हिरवळीखाली सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर जमीन असल्याचा अंदाज क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडला. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरते आणि त्या देशातल्या कोणत्याही एका सिंचित पिकापेक्षा मोठे आहे. कॅलिफोर्नियात एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात सक्तीची केली आणि ५ कोटी चौरस फूट लॉन काढून तिथे कमी पाण्याची झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले. जानेवारी २०१८ मध्ये भारतीय संघ केप टाउनला कसोटी खेळत होता, तेव्हा त्या शहरात माणशी दिवसाला ८७ लिटरची मर्यादा होती आणि न्यूलँड्सचे मैदान बोअरच्या पाण्यावर तगवले जात होते. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला: ज्या हिरवळीवर कोणी खेळत नाही, बसत नाही, जी केवळ शोभेची आहे, तिला कोलोराडो नदीचे पाणी २०२६ नंतर मिळणार नाही. या कायद्यातला भेद मला पटतो आणि पुढचे सगळे विवेचन मी तो मान्य करूनच करतो. रस्त्याच्या दुभाजकावरची, कार्यालयाच्या फाटकाशी असलेली हिरवळ कोरड्या प्रदेशात असू नये. तिच्यासाठी औषध शोधण्यापेक्षा ती काढून टाकावी. पण मुले ज्या मैदानावर धावतात आणि पडतात, ज्या उतारावरची माती गवताच्या मुळांनी धरून ठेवली आहे, ते गवत एकदा मेले की टणक, धुळीची जमीन उरते. पुन्हा लावणी करायची तर नवे गवत रुजेपर्यंत रोज पाणी घालावे लागते. म्हणजे गवत मरू देणे हेही पाण्याच्या हिशेबात महागच पडते.

ताण पडला की गवतात काय घडते, हे नीट पाहिल्याशिवाय संजीवकांचे काम कळणार नाही. दुपारी मैदानावरून चालून गेल्यावर मागे वळून पाहावे. पाण्याने टरारलेले पाते पायाखालून सुटले की लगेच उभे राहते. पेशींतला दाब कमी झाला असेल तर पावलांचे ठसे तसेच राहतात आणि गवताचा रंग निळसर राखाडी दिसू लागतो. ताणाची ही पहिली खूण. एखादे पाते उचलून पाहिले तर ते मधल्या शिरेवर मिटलेले किंवा सुरळीसारखे वळलेले असते. त्याच्या वरच्या बाजूला मोठ्या, पातळ भिंतीच्या पेशींच्या रांगा असतात. त्यांतले पाणी आधी ओसरते आणि पाते मिटून आपला उन्हाला सामोरा जाणारा भाग कमी करते. याच सुमारास गवतात ॲब्सिसिक आम्ल वाढते. त्याच्या संदेशाने पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षकपेशींतून पोटॅशियम आणि त्यापाठोपाठ पाणी बाहेर पडते आणि रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण त्याची किंमत द्यावी लागते: कार्बन डायऑक्साइड आत येणे थांबते, अन्न तयार होणे मंदावते, आणि बाष्पोत्सर्जनाने मिळणारा गारवा गेल्यामुळे पाते तापू लागते. ताण आणखी वाढला की जुनी पाने पिवळी पडून वाळतात. सामान्य माणूस इथेच म्हणतो की गवत मेले. खरे तर जीव असतो जमिनीलगतच्या बुडख्यात आणि जमिनीखालच्या खोडांत. मैदानांवर लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. नांगरटीनंतर कडक उन्हात आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या हरळीच्या कांड्या पहिल्या पावसात कशा फुटतात, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. थंड प्रदेशातल्या केंटकी ब्लूग्रासलाही जमिनीखाली खोड असते आणि तेही उन्हाळ्यात झोपी जाते. गोल्फच्या ग्रीनवरचे क्रीपिंग बेंटग्रास मात्र उथळ मुळांचे आणि अगदी बुटके कापले जाणारे असते. त्याला एवढी सवड नसते. म्हणून पात्यांचा रंग हा दुष्काळातला फसवा निकष आहे. बुडखा जिवंत आहे का आणि त्यातून किती फुटवे येतील, हा खरा निकष.

आता संजीवकांकडे वळू. मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार ‘जीए’ आणि ‘सिक्स-बीए’ ही नावे रोज घेतो. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, पेशी लांबवणारे द्रव्य. थॉमसन सीडलेसचे मणी लांबट आणि मोठे होतात ते त्याच्यामुळे. त्याचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. रोपे वेड्यासारखी उंच वाढून फिकट पडत आणि लोळत. एईची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले की ही वाढ बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होते, आणि १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. पुढे कळले की वनस्पती स्वतःही जिबरेलिन बनवतात आणि ते कमी केले तर रोप बुटके राहते. या ज्ञानातून वाढरोधक द्रव्ये आली. कोकणातल्या हापूसच्या बागांत दरवर्षी मोहोर यावा म्हणून ‘कल्टार’ या नावाने जे देतात ते पॅक्लोब्युट्राझोल यांपैकीच एक. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याची मात्रा आणि पद्धत बसवून दिली. ते मुळांवाटे शोषले जाते आणि जिबरेलिन बनण्याची वाट सुरुवातीलाच अडवते. हिरवळीवर जगभर सर्वाधिक वापरले जाणारे ट्रिनेक्सापॅक-इथाइल पानांवाटे आत जाते आणि ती वाट शेवटच्या टप्प्यावर अडवते. फवारलेल्या गवताच्या पेशी लांबत नाहीत; पाते आखूड, दाट आणि गडद राहते आणि मॉवरच्या टोपलीत पडणारी कात्रण जवळपास निम्म्यावर येते. हे द्रव्य बाजारात आले ते कापणीचा खर्च कमी व्हावा म्हणून. दुष्काळात त्याचा उपयोग होईल का, हा प्रश्न नंतरचा.

त्या प्रश्नाचे चांगले उत्तर न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात बिंगरू हुआंग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातून मिळते. त्यांनी क्रीपिंग बेंटग्रासवर ट्रिनेक्सापॅक-इथाइल आधी फवारले, मग पाणी तोडले आणि जोडीला उष्णताही वाढवली. फवारलेल्या गवताच्या पात्यांत पाणी जास्त काळ टिकले, हरितद्रव्याची कार्यक्षमता उशिरा घसरली आणि गवताचा दर्जा न फवारलेल्या गवतापेक्षा वरचढ राहिला. यात गूढ काही नाही. पानांचे क्षेत्र कमी, म्हणून वाफ होऊन जाणारे पाणी कमी. नवी पाती वाढवण्यात खर्च झाली असती ती साखर बुडख्यात शिल्लक. आणि ती शिल्लक पेशींतले पाणी धरून ठेवायला व पुढे नवे फुटवे उभे करायला हाताशी. पगार थांबण्याची चाहूल लागताच खर्च आवरणारे घर जसे तगते, तसेच हे आहे. पैसा संपल्यावर आवरलेल्या खर्चाने काही हाती लागत नाही. या कामातून माझ्या मते घ्यायचा धडा एका शब्दात मावतो: आधी. मलूल झालेल्या पात्यांतून फवारा नीट आत जात नाही, गेला तरी वाचवायला काही उरलेले नसते, आणि झालेली इजा भरून काढायला जी वाढ हवी तीच रोखली जाते. पाऊलठसे दिसू लागल्यावर फवारणीचा पंप उचलणारा माणूस औषध वाया घालवतो आणि गवताचेही नुकसान करतो.

यावर पहिला आक्षेप असा की प्रयोगशाळेच्या कुंडीत दिसलेली बचत मैदानावर दिसत नाही. आक्षेपात तथ्य आहे. मोकळ्या मैदानावर घेतलेल्या चाचण्यांत पाणीवापर कधी थोडा कमी भरतो, तर कधी फरक जाणवत नाही. दाट झालेले गवत वाऱ्याला वेगळ्या तऱ्हेने सामोरे जाते, मातीची खोली बदलते, मुळे कुंडीच्या तळाशी अडत नाहीत. त्यामुळे अमुक फवारले की पाण्याचे बिल निम्मे होईल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण या आक्षेपाने संजीवकांची सगळी बाजू कोसळत नाही, कारण पाण्याची बचत हा त्यांचा मुख्य लाभच नाही. मुख्य लाभ वेळेचा आहे. दोन पाण्यांमधले अंतर काही दिवसांनी वाढवता आले आणि ते वाढवूनही बुडखा शाबूत राहिला, तर खरी बचत माणसाच्या निर्णयातून होते; पाणी कमी करण्याचे धाडस करायला त्याला आधार मिळतो. संजीवक फवारून पाण्याचे वेळापत्रक पूर्वीचेच ठेवले, तर वाचते ती फक्त कापणी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वाढ रोखणारे द्रव्य सावरण्याच्या आड येणार नाही का? चुकीच्या वेळी दिले तर नक्कीच येते, आणि म्हणून त्याचा परिणाम केव्हा उतरतो हे नेमके माहीत हवे. विस्कॉन्सिनमध्ये बिल क्रूझर आणि डग सोल्डॅट यांनी हे काम केले. गवत द्रव्य पचवून टाकते, आणि जितके ऊन तापते तितक्या लवकर ते पचते, हे ध्यानात घेऊन त्यांनी कॅलेंडरऐवजी तापमानाची बेरीज वापरली. दररोजचे सरासरी तापमान मिळवत जायचे. बेरीज २०० सेल्सियस अंश-दिवसांवर पोहोचली की क्रीपिंग बेंटग्रासच्या ग्रीनवर पुढची फवारणी. सरासरी १५ अंश असेल तर हा टप्पा साधारण १३ दिवसांनी येतो, २० अंशांना १० दिवसांनी, आणि ३० अंशांना आठवडाभरातच. तो आकडा त्या गवताचा आणि त्या कापणीचा आहे. बर्म्युडाला तसाच लावता येणार नाही, त्याचा आकडा आपल्या हवेत बसवावा लागेल. पण तत्त्व सगळीकडे लागू पडते. महिन्यातून एकदा हा ठोकळेबाज नियम उन्हाळ्यात फसतो, कारण परिणाम मधेच उतरतो आणि दाबून ठेवलेली वाढ उसळी घेते. ऐन ताणात अशी उसळी येणे म्हणजे साठवलेली साखर नको त्या वेळी उधळणे. उलट, पाणी परत देण्याची तारीख ठाऊक असेल तर शेवटची फवारणी अशी बसवता येते की पाणी येण्याच्या सुमारास परिणाम ओसरेल आणि तीच उसळी सावरण्याच्या कामी येईल. ज्या गुणाला दोष म्हटले जाते तो वेळ साधल्यास उपयोगाचा ठरतो.

सावरण्याची अवस्था हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ताण सोसण्यासाठी आणि ताणातून उठण्यासाठी गवताला वेगवेगळे संदेश लागतात. ॲब्सिसिक आम्ल बाहेरून फवारले तर केंटकी ब्लूग्रास ताणात जास्त काळ तग धरते, हेही रटगर्समधल्या कामातून दिसले आहे. पण हे द्रव्य अतिनील किरणांत लवकर निष्प्रभ रूपात बदलते, आणि रंध्रे फार काळ मिटून राहिली तर उष्णता आणि उपासमार दोन्ही वाढतात. म्हणून ते थोड्या मुदतीच्या, माहीत असलेल्या ताणासाठी ठीक आहे. तीन महिन्यांच्या उन्हाळ्यावर ते उत्तर नाही. पाणी आल्यावर मात्र रंध्रे उघडायला हवीत, बुडख्यातल्या निद्रिस्त कळ्या जाग्या व्हायला हव्यात, आणि तिथे सायटोकायनिन हवे. मुळांत बनणारे हे द्रव्य ताणात कमी होते. त्यामुळेच पाने लवकर म्हातारी होतात आणि फुटवे थांबतात. हुआंग यांच्या गटाने केंटकी ब्लूग्रास दुष्काळातून सावरताना सिक्स-बीए या कृत्रिम सायटोकायनिनचा परिणाम तपासला, आणि बेंटग्रासमध्ये सायटोकायनिन वाढवणारे जनुक घालून दुष्काळ सोसण्याची क्षमता वाढलेलीही दाखवली. व्हर्जिनिया टेकमध्ये रिचर्ड श्मिट आणि शुनझोंग झांग यांनी सागरी शेवाळाच्या अर्कावर आणि ह्युमिक आम्लावर दीर्घकाळ काम केले. शेवाळाच्या अर्काचा एक गुण त्यातल्या सायटोकायनिनसारख्या द्रव्यांतून येतो. आधी आवर घालणारे संजीवक, नंतर जागे करणारे, असा क्रम यातून निघतो. डाळिंबाचा किंवा मोसंबीचा बहार धरणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच उमजेल. पाणी तोडून ताण द्यायचा, आणि ताण सोडताना पाणी एकदम न देता हलके हलके वाढवत न्यायचे, हे शास्त्र त्याच्या हातात आहेच. मैदान सांभाळणाऱ्यांनी त्याच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

तिसरा आक्षेप रसायनांचा. मुलांच्या मैदानावर आणखी एक फवारणी का, असे पालकाने विचारले तर त्याला झटकून टाकू नये. सगळी वाढरोधके सारखी नाहीत. पॅक्लोब्युट्राझोल जमिनीत महिनोन्महिने टिकते, साठत जाते, आणि त्या जमिनीत पुढे लावलेल्या झाडांनाही बुटके ठेवू शकते. आंब्याच्या बागांत हा अनुभव आहे. ट्रिनेक्सापॅक-इथाइल तुलनेने लवकर विघटित होते. आपल्याकडे अशी द्रव्ये १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवली जातात आणि ज्या पिकासाठी नोंदणी आहे त्याच पिकावर ती वापरायची असतात. आंब्यासाठी आणलेले कल्टार मैदानावर ओतून पाहणे हा प्रयोग नव्हे, बेजबाबदारी आहे. शेवाळाच्या अर्कासारखी जैव उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली, त्यामुळे त्यांच्याही बाटलीवरच्या दाव्यांची तपासणी मागता येते. जिथे गवताचा उपयोगच नाही, किंवा जिथे ते चार महिने तपकिरी राहिले तरी कोणाचे बिघडत नाही, तिथे एक थेंबही फवारू नये. हरळी स्वतःच्या बळावर पावसाळ्यापर्यंत तग धरते. संजीवकांचा हक्क फक्त त्या जागांवर आहे जिथे ताणाच्या काळातही पाय पडणार आहेत.

चौथा आक्षेप, की हे सगळे करण्यापेक्षा योग्य वाण निवडावे आणि मशागत सुधारावी, याला आक्षेप म्हणण्यापेक्षा मी पूर्वअट म्हणेन. जॉर्जियातल्या टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांच्या काळापासून बर्म्युडाचे संकर होत आले. तिथलेच टिफटफ हे वाण आधीच्या टिफवेपेक्षा बऱ्याच कमी पाण्यावर टिकते. उष्ण प्रदेशात बर्म्युडा सोडून थंड हवेचे गवत लावणे आणि मग त्याला संजीवकांनी जगवणे हा उलटा उद्योग आहे. कापणीची उंची थोडी वाढवली तर मुळे खोल जातात. रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा खोलवर पाणी दिले तर ती आणखी खोल जातात. दबलेली माती टोचून मोकळी केली तर पाणी आत मुरते, आणि ताणाच्या तोंडावर नत्र आवरले तर कोवळी, पाणीखाऊ वाढ होत नाही. हे सगळे झाल्यावर जो थोडा फरक उरतो तो संजीवके भरून काढतात. उथळ मुळांच्या, दबलेल्या मैदानावर कोणत्याही बाटलीचा उपयोग होणार नाही. पण चांगल्या मशागतीच्या मैदानावर तो थोडा फरकच अनेकदा निर्णायक असतो: मेच्या अखेरीस बुडखा जिवंत राहतो की जातो, एवढे त्यावर ठरते.

महाराष्ट्राला या बाबतीत एक सोय आहे, तिचा आपण पुरेसा विचार केलेला नाही. अनेक देशांत कोरड अवचित येते. आपल्याकडे तिची वेळ ठरलेली असते. पाऊस ऑक्टोबरपर्यंत संपतो, धरणांतला साठा तेव्हाच मोजून जाहीर होतो, आणि उन्हाळ्यात किती पाणी मिळेल याचा अंदाज सहा महिने आधी येतो. ज्या विद्येचे सगळे मर्म आधी तयारी करण्यात आहे, तिला यापेक्षा अनुकूल हवामान कोणते असेल? कृषी विद्यापीठांनी बर्म्युडावर, आपल्या मुरमाड आणि काळ्या जमिनीत, आपल्या तापमानाच्या बेरजा बसवाव्यात. महापालिकांनी आणि क्रीडा संघटनांनी प्रत्येक मैदानासाठी ऑक्टोबरातच ठरवावे की कोणता भाग हिरवा ठेवायचा, कोणता झोपू द्यायचा, पाणी किती आणि कुठून घ्यायचे, आणि ते आकडे लोकांसमोर ठेवावेत. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरायचे तर त्यातले क्षार मोजावेत. न्यायालयात जाऊन विचारावा लागलेला प्रश्न मैदानाच्या फलकावरच्या आकड्यांनी सुटला, तर हिरवळीवर पाण्याची चोरी केल्याचा आरोप राहणार नाही. या विषयात पुढे शिरणाऱ्या विद्यार्थ्याने आणि मैदान सांभाळणाऱ्याने प्रत्येक द्रव्याला, प्रत्येक शिफारशीला एकच कसोटी लावावी: याने मला पाणी कमी करण्याची हिंमत दिली का, आणि पाणी परतल्यावर गवत उठले का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर ते द्रव्य वापरावे, नसेल तर कितीही गडद हिरवळ दाखवली तरी नाकारावे.